तांब्या खाली ठेवला नाही

‘तांब्या’ या शब्दावर मी एकदा अडीच पानांचं टिपण लिहिलं होतं. मूळचं तांब्याचं भांडं म्हणून तांब्या, आता स्टीलचं असलं तरी तांब्याच, वगैरे. ते बरोबर होतं की नाही, ही धाकधूक मला अजून आहे. पण किस्सा पुढचाच आहे.

मागच्या उन्हाळ्यात कर्जतजवळच्या आमच्या शेतात मी मोटर चालू करून विसरलो. शेजारच्या भाऊसाहेबांचा काढून ठेवलेला कांदा भिजला. भर दुपारी ते तणतणत दारात आले. चूक माझीच. मी भरलेला तांब्या पुढे केला.

“पानी नको, सर.”

“उन्हातून आलात. आधी पाणी घ्या.”

“न्हाई म्हनलं ना! तुमच्या घरचं पानी प्यालो, तर मग शिव्या कशा देऊ?”

हा अर्थ माझ्या टिपणात नव्हता. मी ठरवलं, आता तांब्या खाली ठेवायचा नाही. त्यांनी माझी मोटर काढली, माझं शिक्षण काढलं. धरून धरून तांब्या कलत होता, पाणी माझ्याच पायांवर सांडत होतं. शेवटी त्यांचा घसा बसला.

“ठेवा की खाली!”

“तुम्ही प्यायल्याशिवाय नाही.”

त्यांनी तांब्या ओढून घेतला, वरून घटाघटा रिकामा केला आणि तोंड पुसलं.

“लई हट्टी तुमी, सर. आता चला कांदा पसरू लागायला. उरलेल्या शिव्या माझ्या वावरात देतो.”