दोघांनी बघायची स्लाइड

सर, तांबोळीबाईंचा मुलगा इरफान, बाईंच्या भगिनी, आणि लॅबमधल्या माझ्या सगळ्या सहकाऱ्यांनो,

मला भाषण येत नाही. आज बाईंच्या शोकसभेत बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नावही नव्हतं. तरी मी मधेच उठलो, त्याबद्दल संयोजकांनी रागावू नये. 

मी वानखडे. खोली नंबर दोन. तांबोळीबाई खोली नंबर एकमध्ये बसायच्या. मधे एक भिंत.

माझ्या आधी मॅडम बोलल्या. बाईंबद्दल फार चांगलं बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "पण नजरेनं बाईंना दगा दिला, एक मोठी चूक झाली आणि त्यांना काम सोडावं लागलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडम, तुमचा दोष नाही. सगळ्यांना तेच माहीत आहे. मीही इतकी वर्षं मान डोलावतच आलो. आज डोलावता आली नाही, म्हणून उठलो.

इरफान, तुझी आई नेमकं काय काम करायची हे तुला तिनं कधी सांगितलं का? नसेल सांगितलं. म्हणून आधी ते सांगतो.

टीबीच्या औषधांचा अभ्यास आपल्याकडे चालायचा. पेशंटच्या थुंकीची स्लाइड लॅबमध्ये यायची. निळ्या रंगावर लाल काड्या दिसल्या, तर जंतू आहेत. नाही दिसल्या, तर नाहीत. काही महिने औषध झालं की परत स्लाइड. ती निगेटिव्ह आली की अभ्यासाच्या नियमाप्रमाणे त्या माणसाचं औषध थांबायचं. म्हणजे एका काडीवर एका माणसाचं औषध अवलंबून. म्हणून प्रत्येक स्लाइड दोघांनी बघायची. आधी बाईंनी, मग मी. एकानं काय लिहिलं हे दुसऱ्याला कळता कामा नये. सरांचा सक्त नियम. एकमेकांशी स्लाइडबद्दल चकार शब्द बोलायचा नाही.

आम्ही दोघंही नियमाचे पक्के. इतके पक्के, की स्लाइडचं बोलणं टाळता टाळता बाकीचं बोलणंही बंद झालं. त्या अकराला चहा घ्यायच्या, मी साडेअकराला. जेवणाच्या वेळाही वेगळ्या. मी कोथरूडहून स्वारगेटला बस बदलून हडपसरला यायचो, त्या भवानी पेठेतून यायच्या. फाटकाशी गाठ पडली तर "या" आणि "चला". असं किती वर्षं? आम्ही इथे आलो तेव्हा या खिडकीतून ऊस दिसायचा. आता काचेच्या इमारती दिसतात. एवढी वर्षं.

एकच दिवस अपवाद होता. महिन्याच्या शेवटी ऑफिसात दोघांची रजिस्टरं ताडून बघत. जिथे एकानं "आहे" आणि दुसऱ्यानं "नाही" लिहिलं असेल, त्या स्लाइड बाजूला निघत. मग आम्ही दोघं शेजारी बसायचो. दोन जणांना एकदम बघता येईल असा एक मायक्रोस्कोप होता, अजून आहे. त्यावर आतल्या काट्यानं दाखवलेली एकच जागा दोघांनी बघायची आणि काय ते ठरवायचं. महिन्यातून असा एखादा तास. कधी तोही नाही, कारण बाई सहसा चुकत नसत, आणि खोटं कशाला बोलू, मीही नसे चुकत.

मग माझी बायको सुनंदा गेली. तुमच्यापैकी बरेच जण आला होतात. तेरा दिवस घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी सगळे वर्धेला परतले. आमचं सगळं गणगोत तिकडचं. इथे कोथरूडच्या सोसायटीत मला ओळखणारा म्हणजे वॉचमन. सकाळी बस, दिवसभर बंद खोलीत मायक्रोस्कोप, संध्याकाळी बस. एकदा शुक्रवारी लॅबमधून निघालो, आणि सोमवारी इथे कुणीतरी हाक मारली तर आवाजच फुटेना. दोन दिवसांत एक शब्द बोललो नव्हतो.

त्या महिन्याच्या शेवटी दोन स्लाइड निघाल्या. खऱ्याखुऱ्या मतभेदाच्या. बाई शेजारी बसल्या. म्हणाल्या, "अहो वानखडे, जेवता की नाही? शर्टाची कॉलर बघा." मग म्हणाल्या, "हा बघा, काट्याच्या खाली." बस, एवढंच. मी घरी गेलो तो हे ऐकतच गेलो.

आता सांगतो. सर, तुम्हीही ऐका.

पुढच्या महिन्यात एका स्लाइडवर मला जंतू दिसले. थोडेच, पण दिसले. आणि मी रजिस्टरमध्ये लिहिलं, "नाही."

मुद्दाम लिहिलं. बाई "आहे" लिहिणार, मतभेद होणार, आम्ही शेजारी बसणार. माझा हिशेब इतका सरळ होता. पेशंटला काही होणार नाही असं मी मनाला समजावलं, कारण बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. माझं खोटं पकडलं जाणार ही मला खात्री होती. पकडलं जावं म्हणूनच तर ते केलं होतं!

चार वेळा केलं. चारही वेळा बाईंनी बरोबर लिहिलं. चारही वेळा शेजारी बसल्या. मी म्हणायचो, "अरेच्चा, हो की, सुटली बाप्पा माझ्याकडून." चौथ्या वेळी त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं. म्हणाल्या, "तुमच्याकडून काऊन सुटतंय हो एवढं?" माझ्या वऱ्हाडी बोलीची नक्कल करत. मी हसलो. किती महिन्यांनी हसलो होतो!

पाचव्या वेळी महिनाअखेर आली, मतभेदाची यादी आली, आणि यादीत माझी स्लाइड नव्हती.

नव्हती. म्हणजे बाईंनीही "नाही" लिहिलं होतं. दोघांचं एकमत. निगेटिव्ह. त्या आठवड्यात त्या पेशंटचं औषध थांबणार होतं. कोण होता, बाई की पुरुष, मला माहीत नाही. आमच्याकडे फक्त नंबर येतो. पण त्याच्या छातीत जंतू आहेत हे अख्ख्या पुण्यात एकट्या मला माहीत होतं.

मी एक नंबरचं दार वाजवलं. नोकरीत पहिल्यांदा. बाईंना सगळं सांगितलं. चार आधीच्या, ही पाचवी. त्यांनी स्लाइड मागवली, लावली, बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आहे." आणि चष्मा काढून बसल्या.

चष्मा पुसत म्हणाल्या, "ही स्लाइड बघितली त्याच्या आदल्या दिवशी इरफान अमेरिकेला गेला. दुसऱ्या दिवशी मी इथे बसले होते, डोळा लावून बसले होते, पण बघत काहीच नव्हते." इरफान, हे तुला बोल लावायला सांगत नाही, बाळा. तू नोकरीसाठी गेलास, सगळ्यांची मुलं जातात. मी एवढंच म्हणतोय, की भिंतीच्या पलीकडे त्याही तशाच बसल्या होत्या आणि मला पत्ता नव्हता.

मग त्या मला म्हणाल्या, "सोबत हवी होती तर दार वाजवायचं, वानखडे. पेशंटला कशाला मधे घातलंत?"

मी म्हटलं, "नियम होता, बाई."

"नियम स्लाइडचा होता. चहा आपला आपण सोडला."



त्या उठल्या आणि सरांच्या केबिनकडे निघाल्या. मी मागोमाग. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. जायलाच हवी होती. बाई आत जाऊन म्हणाल्या, "सर, ही पॉझिटिव्ह स्लाइड आम्ही निगेटिव्ह लिहिली. माझ्याकडून सुटली. वानखडेंना शंका आली, त्यांनी परत बघून पकडली. पेशंटचं औषध थांबवू नका." आणि मग म्हणाल्या, "मला स्लाइड बघण्याच्या कामावरून काढा. माझा आता माझ्यावर भरवसा राहिला नाही."

सर, तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत. आठवतं? मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालात, वानखडेंसारखी नजर पाहिजे. टाळ्या वाजल्या. बाईही वाजवत होत्या. मी काय केलं? मी नमस्कार केला. तोंड होतं, शब्द होते, आणि मी नमस्कार केला.

पेशंटचं औषध चालू राहिलं. पुढे तो बरा झाला असं कळलं. काही महिन्यांनी बाईंनी मुदतीआधी निवृत्ती घेतली.

त्यानंतर मी दोनदा त्यांच्याकडे गेलो. फक्त दोनदा. त्यांनी चहा केला, खारी दिली, इरफानचे फोटो दाखवले. सरांना सांगितलंत का, असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. ज्या सोबतीसाठी मी खोटं लिहिलं ती समोर बसून बशीत चहा ओतत होती, आणि मला तिथे अर्धा तासही बसवेना. मग जाणंच सोडलं. गेल्या आठवड्यात फोन आला.

तर मंडळी, तांबोळीबाईंच्या नजरेनं दगा दिला नाही. भिंतीच्या या बाजूला बसलेल्या माणसानं दिला. मुलाच्या वियोगात त्यांचा एक दिवस चुकला. असा दिवस येऊ शकतो म्हणून तर दुसरा माणूस ठेवलेला असतो. तो दुसरा माणूस मी होतो.

सर, माझी विनंती आहे. त्या काळातल्या माझ्या सगळ्या स्लाइड स्टोअरमध्ये आहेत. त्या काढा आणि दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. पाचच खोट्या होत्या हे मी सांगतोय, पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका. तपासणाऱ्याला माझं नाव सांगू नका, बाईंचंही सांगू नका. आणि माझं जे करायचं ते करा.

इरफान, तुझ्या आईनं चूक झाली तर तासाभरात जाऊन सांगितली. मला हा दिवस लागला. तुझ्यासमोर हात जोडतो.

आता आपण बाईंसाठी स्तब्ध उभे राहू. बाई, तुमच्याकडून एक स्लाइड सुटली. माझ्याकडून एकही सुटली नव्हती. हे तुम्ही असताना, या सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं.

उठूया सगळे. दोन मिनिटं.