वक्त्याचा उजवा हात

(सामोआतलं एक गाव. चारी बाजूंनी उघडं घर. चटईवर जेवणाचं पान, पानापुढे फिलिपो, गावसभेत भाषणाचा मान असलेला म्हातारा. शेजारी बायको मालिया आणि शहरातल्या दवाखान्यात काम करणारी मुलगी सेफिना. पक्षाघाताला दोन महिने झालेत.)

फिलिपो : गार... गार झालाय तारोचा कंद. कोण... खाणार?

मालिया : कुरकुर नंतर. आधी आ करा बघू.

सेफिना : आई, चमचा बाबांच्या उजव्या हातात दे.

मालिया : अगं, तो हात उचलतो का त्यांचा!

सेफिना : उचलेल कसा? तू भरवतेस, दादा आंघोळ घालतो, वहिनी माश्या वारते. हाताला कामच ठेवलं नाहीत! मेंदूचा एक तुकडा मेलाय, आता शेजारच्या तुकड्याला ते काम शिकवायचंय. शंभरदा सांडेल, तेव्हा एकदा तोंडाशी येईल. दवाखान्यात परक्यांना हे घसा फोडून सांगते मी, आणि घरात ही तऱ्हा!

मालिया : घराला भिंती नाहीत, बाई. जाता-येता गाव बघतं. एवढा मोठा वक्ता, छातीवर सगळं सांडलेलं! म्हणतील, बायको मेली वाटतं याची.

फिलिपो : मीच... मेलोय. रोज... भरवतेस... मढ्याला.

मालिया : काहीतरीच काय बोलता!

सेफिना : बरोबर बोलतायत. दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी बरोबर बोललं.

मालिया : वडीलधाऱ्यांना हात हलवू देत नाहीत आपल्यात. मान म्हणतात त्याला. शहरात राहून विसरलीस.

सेफिना : मान! गुठळी विरघळवायच्या औषधाला साडेचार तास असतात, आई. तुम्ही बाबांना दवाखान्यात आणलंत तेव्हा सूर्य कलला होता. सकाळी काय झालं, ते कोणी सांगतच नाही. दादा म्हणतो आईला विचार. तुला विचारलं की तू चुलीकडे पळतेस. आत्तासुद्धा उठतेयस!

मालिया : जाळ बघून येते...

फिलिपो : बस. सांग... मालिया.

मालिया : ...चर्चच्या अंगणात तुमचं भाषण चाललं होतं. उजव्या हातातून वक्त्याची मानाची काठी घसरली. तुम्ही ती डाव्या हातात घेतलीत. शब्द एकमेकांत गुंतायला लागले. सगळे माना खाली घालून बसले.

सेफिना : आणि कोणी थांबवलं नाही?

मालिया : बोलत्या वक्त्याला कोण थांबवतं? मग दमलात म्हणून निजवलं. मालिशवालीला बोलावलं.

सेफिना : तू कुठे होतीस?

मालिया : समोरच. अहो, तुमचं तोंड वाकडं झालेलं मला दिसलं होतं.