भिंतीपल्याड दोन हात

रेणू गोंदियाच्या दवाखान्यात दाढ धरून बसली होती. शेजारच्या बाकावर नाकाला रुमाल लावलेला माणूस आणि त्याची बायको येऊन टेकली, आणि रेणूची दाढ दुखायचंच विसरली.

“भिंतीवर काऊन धावले तुमी?”

“डोळ्यावर तो व्हीआर खेळाचा डबा लावला का भिंत नाही दिसत. किल्ला दिसते. राक्षस मांगं लागला होता.”

“डबा देताना माझ्या पुण्याच्या भावानं सांगतलं होतं ना? आधी रिमोटनं जमिनीवर रेघ ओढा, खोली जेवढी तेवढीच. रेघीपोत आलं का मशीन थांबवते.”

“ओढली ना. पण मशीन म्हणे, खेळाले जागा कमी आहे.”

“मंग?”

“मंग जराशी सरकवली.”

“कुठं?”

“भिंतीच्या पल्याड. दोन हात.”

“म्हणजे भाऊजीच्या खोलीत! वावरात बांधीचा धुरा दरसाल त्यांच्या हद्दीत सरकवता, तसा?”

“मशीन तर काहीच बोललं नाही.”

“ते बिचारं पुण्याहून आलेलं. त्याले काय माहीत दवनीवाड्याची रीत!”

“हळू बोल. लोकेंद्रले नको सांगू.”

“आवाज ऐकून तेच धावत आले. वाटणीपासून अबोला, तरी गाडीवर घालून आणलं तुमाले. इचारलं, तर सांगून टाकलं मी.”

तेवढ्यात त्या माणसाचा धाकटा भाऊ लोकेंद्र गोळ्या घेऊन आला. भावाकडे त्यानं पाहिलंही नाही.

“वहिनी, दादाले म्हणा, भेऊ नको. भिंत जागेवरच आहे. मी दोन्हीकडून पाहून घेतली.”