समासातलं ‘मग?’

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, समस्त शिक्षकवृंद, माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप त्या आमच्या बाई,

बाईंनी मला तीनदा फोन करून बजावलं, ‘निरोपबिरोप काही नको.’ तिसऱ्या फोनला हळूच विचारलं, ‘किती वाजता आहे?’ सारांश काढला असता, तर समारंभ रद्द झाला असता. आम्ही विश्लेषण केलं, म्हणून आपण इथे बसलो आहोत. हसू नका बाई, ‘सारांश नको, विश्लेषण करा’ हे तुमचंच शिकवणं आहे!

नववीत आम्हाला एका म्हाताऱ्या शिंप्याची गोष्ट होती. दुकानात एक सदरा टांगलेला. कोणी विचारलं की म्हणायचा, ‘गिऱ्हाइकाचा आहे.’ गिऱ्हाईक काही येत नाही, आणि हा दर वर्षी सदरा उसवून बोटभर सैल करतो. मी दोन पानं भरून, मोत्यासारख्या अक्षरात, सगळी गोष्ट लिहून काढली. दहापैकी मिळाले चार. समासात शिसपेन्सिलीने एकच शब्द होता, ‘मग?’

मी तोंड फुगवून शिक्षकांच्या खोलीत गेले.

‘बाई, मी काहीच सोडलं नाहीये.’

‘सोडलं नाहीस, पण धरलंही नाहीस काही. गिऱ्हाइकाचा सदरा माप न घेता कोणी सैल करतं का गं?’

‘नाही.’

‘मग हा का करतो?’

मी खडूच्या खोक्यांकडे बघत म्हटलं, ‘तो वाढत असेल... म्हणून.’

‘कोण?’

‘त्याचा मुलगा.’

गोष्टीत ‘मुलगा’ हा शब्द एकदाही नव्हता. बाई एवढंच म्हणाल्या, ‘जा, आता लिही.’

आज मी लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत लोकांच्या तक्रारी नोंदवते. म्हणजे दिवसभर सारांशच! मग बाईंचं शिकवणं वाया गेलं का? ऐका.

गेल्या वर्षी माझी आई गेली. बाबा एकटे राहतात. चार महिन्यांनी दादाचा फोन आला, ‘बाबा ठीक आहेत. जेवतात, फिरायला जातात. दूध तेवढं रोज नासतं म्हणाले.’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मग?’

‘मग काय? फ्रिज दाखवून घ्या म्हटलं.’

दादाला दोष नाही, तो बाईंच्या वर्गात नव्हता. पण एकट्या माणसाचं दूध रोज नासावं इतकं उरतं कसं? बाबा अजून दोघांचं दूध घेत होते. ‘अर्धा लिटर कमी कर’ म्हटलं, तर दूधवाल्याने ‘का?’ विचारलं असतं, आणि ते उत्तर त्यांना तोंडाने द्यायचं नव्हतं.

मी त्याच संध्याकाळी गेले. बाबा म्हणाले, ‘अशी अचानक कशी?’ म्हटलं, ‘दूध नासतंय म्हणून आले.’ आई गेल्यावर न रडलेले माझे बाबा दारातच रडले. बाई, ते चार गुण मला किती पुरले, हे आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं.

आपण शांतपणे ऐकलंत, संयोजकांनी घड्याळाकडे काणाडोळा केला, सर्वांची ऋणी आहे. काही उणंअधिक बोलले असेन तर पोटात घाला.

आणि हो, बाबा तिसऱ्या रांगेत बसलेत, बाईंना बघायला हट्टाने आलेत. आता ते अर्धाच लिटर दूध घेतात. पण मी येणार असले, की आदल्या दिवशीच लिटरभर सांगून ठेवतात. बाई, याच्यापुढे मात्र ‘मग?’ लिहू नका. एवढं मला कळतं.