सबातीसचं पहिलं वल्हं

—नाही नाही, आत ये, दारात उभी राहून काय बोलणार? मॅड्लीन म्हणालीस ना? नाव कधी ऐकलं नाही. पण हातातलं वल्हं ओळखते – मुठीला अशी खाच दुसरं कोण पाडणार? बस. चहा ठेवलाय. सबातीस गेल्याचं तुला कालच कळलं म्हणतेस – वुलास्तोक नदीवर बातमीसुद्धा प्रवाहानंच उतरते. मला कळलं तो साधा मंगळवार होता बघ. भाजीसाठी नेच्याचे कोंब धूत होते, तिसरं पाणी चाललेलं, आणि त्याचे दोघे मित्र दारात, टोप्या हातात. मी काय म्हणाले असेन? चिखलाचे बूट बाहेर काढा, म्हणाले.

आण इकडे. हे पहिलंच ना त्याचं? पहिलं काम स्वतःकडे ठेवायचं नसतं, देऊन टाकायचं – रीतच ती, माझं काही म्हणणं नाही. पण कोणाला दिलंस विचारलं, की म्हणायचा, ‘अगं, होता एक म्हातारा.’ तीस वर्षांच्या संसारात हेच उत्तर! म्हातारा म्हणे! जरा उभी राहा पाहू – राहा गं, खात नाही मी तुला. बघ, थेट हनुवटीला लागलं – ज्याचं वल्हं त्याच्या हनुवटीएवढं, हे माप असतं. माझ्या तर डोक्यावरून जातंय. म्हणजे लाकडाला सुरी लावायच्या आधीच तुझी उंची त्याला पाठ होती.

आणि पात्यावर हात फिरव – डावीकडे पातळ. वाकडी सुरी छातीकडे ओढायची असते, नजर ढळली की जास्त निघतं. पुढे शेकड्यांनी वल्ही केली त्यानं, एकाला असं झालेलं दाखव. मग हे कोरतानाच कुठं बघत होता? समोर कोण बसलं होतं? ...रडू नकोस बाई. या घरात रडायचा पहिला मान माझा आहे, आणि मी अजून घेतलेला नाही.

परत द्यायला आणलंस? नको. दिलेलं परत घेत नाहीत. आणि घेऊन करू काय, मला उंच पडतं. मी कशानं वल्हवते? दुकानातल्यानं – पिवळं, प्लास्टिकचं. हो, त्याच्याच होडीत, पुढे बसून. हसतात लोक. गावभर त्याची वल्ही, आणि मला म्हणायचा, तुझं घाईत नाही करायचं. चहा राहू दे आता. ऊन आहे तोवर नीघ, आणि ते घेऊन जा.

माझं त्यानं केलं नाही.