रिकामा डबा द्यायचा नाय

मी मूळची मालवणकडची, खाडीकाठचं गाव आमचं, लग्न होऊन मुंबईत आले तेव्हा मला मालवणीच यायची, चाळीतल्या बायका हसायच्या माझ्या बोलण्याला. मालक गिरणीत होते. गिरणी गेली तशी परळची खोलीपण गेली आणि आम्ही इकडे मरोळला आलो, हीच खोली, तेव्हा पत्र्याची होती. मालक वारले त्याला किती वर्षं झाली ते मी मोजायचं सोडलं. माझं काय लिहून घेणार ताई तुम्ही, माझ्यासारख्या या गल्लीत दहा सापडतील, पण विचारताय तर सांगते.

मी पवईला दोन घरी जेवण करते. तिथल्या पोरांचे डबे मीच भरते, टिफिन बोलायचं, डबा बोललं की पोरं हसतात. चार खणांचे असतात ते, एका खणात फळं कापून, एकात चीजचं कायतरी, आणि संध्याकाळी तेच सगळं परत आलेलं असतं, मीच खरवडून कचऱ्यात टाकते. टाकताना जीव तुटतो, पण आपण कोण बोलणार.

तर माझा मुलगा एकच, सांताक्रूझला विमानाच्या गोदामात सामान चढवतो. सून औषधांच्या पॅकिंगला होती इकडेच मरोळला, चांगली होती हो, तोंडावर सांगितलं नाय कधी, सासवा सांगत नाय ना. गेल्या गणपतीच्या आधी तिला कावीळ झाली, मी बोलले उतरेल, गावठी औषध आणलं, आणि मग इस्पितळात नेली ती आठ दिवसांत गेली. दोन पोरं मागे ठेवली. अंकिता बारा वर्षांची, ती घरातल्या कामाला लागली. सोहम सात वर्षांचा, त्याने जेवण सोडलं.

सोडलं म्हणजे हट्ट नाय, रडणं नाय. ताटावर बसायचा, चिवडायचा, उठायचा. डबा भरून द्यावा तसा परत, चपातीला बोटपण लागलेलं नसायचं. हातांच्या काड्या झाल्या. मी देवाचं केलं, मीठ-मिरच्या उतरल्या, डॉक्टर बोलला वेळ जाऊ द्या. वेळ जाऊ द्या म्हणजे काय, पोर वाळत चाललंय डोळ्यांदेखत.

मग मला एक सुचलं. स्वतःच्या हातचं गोड लागतं असं आमच्याकडे म्हणतात. म्हटलं आपण तिघांनी मिळून डबे करूया. साडेपाचला उठवायची दोघांना. सोहम उलट्या बादलीवर बसायचा लसूण सोलत, अंकिता चपाती लाटायची, नकाशा व्हायचा तिचा, पण मी काय बोलायची नाय. आमचे डबे कसले, रात्रीच्या चपात्या उरल्या तर कुस्करून फोडणीला टाकायच्या, एक दिवस चवळी, एक दिवस घावणे आणि शेंगदाण्याची चटणी. सोहमला घावण्याला जाळी पडताना बघायला आवडायचं. आणि काय सांगू तुम्हाला, पहिल्या आठवड्यात डबा अर्धा परत आला. अर्धा. मी तो अर्धा डबा मांडीवर घेऊन बसले होते.

मग डबा पूर्ण रिकामा यायला लागला. शाळेत बाजूला एक मुलगा बसायचा, ध्रुव नावाचा, त्याच्याबरोबर जेवायचा सोहम. घरी आला की ध्रुव असं बोलला, ध्रुवने तसं केलं, पोर बोलायला लागलं हो. एक दिवस दप्तरात दुसराच डबा, निळ्या झाकणाचा, त्यात ढोकळा. ध्रुवच्या मम्मीने दिलाय, आई नाय ना मला म्हणून, असं सोहमच बोलला. मी डबा घासून फळीवर ठेवला.

आता आमच्याकडे रीत आहे. कुणाचं भांडं घरात आलं तर ते रिकामं परत द्यायचं नाय. काय नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं नाय. माझ्या आयेने मला शिकवलं, मी सुनेला शिकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, मी हंडे घेऊन पळाले, जाताजाता सोहमला बोलले, रे झिला, ध्रुवचो डबो रिकामो देव नको हां, कायतरी घाल त्यात. तो बोलला काय घालू? मी बोलले, तुका जा आवडता ता घाल.

तेवढंच बोलले मी.

आदल्या रविवारी आम्ही जवळ्याची चटणी केली होती. जवळा म्हणजे सुकी बारीक कोळंबी ती, भाजून, कांदा, खोबरं आणि आपला लाल मसाला घालून. सून करायची तशी. अंकिताला तिचं माप माहीत होतं, आणि जवळा सोहमने भाजला, मी फक्त मागे उभी होते. चाखून बोलला, आजी, आईसारखी झाली. ती बरणी तो कुणाला हात लावू द्यायचा नाय. त्यातली चटणी त्याने निळ्या डब्यात भरली, काठोकाठ.

ध्रुवकडे कांदा-लसूणपण चालत नाय. मला ठाऊक नसायला काय झालं, मी तसल्याच घरात भाकरी कमावते, आदल्या दिवशी मासे केले तर लुगडं बदलून जाते. ढोकळा बघूनच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण मी नळावर होते.

संध्याकाळी शाळेतून फोन आला, उद्या या म्हणून. दुसऱ्या दिवशी गेले तर ध्रुवची आई शाळेच्या फाटकाशी उभी होती. ती काय ओरडली नाय, ओरडली असती तर बरं झालं असतं, मीपण चार शब्द बोलले असते. हळूच बोलली, आंटी, डबा तुम्हीच ठेवा, आमच्या घरात आता चालायचा नाय. ध्रुवला उलटी झाली, तुमचा सोहम लहान आहे, समजत नाय त्याला, माझा राग नाय. वर्गाच्या बाईंनी सोहमची जागा बदलली, डब्याच्या सुट्टीत त्याने मागच्या बाकावर बसायचं, एकट्याने. मी हात जोडले. हात कशाला जोडले ते मला अजून कळत नाय.

आणि घरी येऊन मी त्याला मारलं. खोटं कशाला बोलू, पाठीत दोन धपाटे घातले. अक्कल नाय तुला, बोलले, कुणाला काय द्यावं कळत नाय. तो रडला नाय. माझ्याकडे बघून बोलला, तूच बोललीस ना, आवडतं ते घाल. अंकिता मध्ये येऊन उभी राहिली, आजी, त्याला हात नाय लावायचा. बारा वर्षांची पोर, बरोबर होती. मुलगा कामावरून आला, ऐकलं, आई कशाला मारलंस एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

तो निळा डबा फळीवरच आहे. त्यात काय ठेवायचं कळत नाय, टाकवत पण नाय.

आता सोहम आपला डबा आपणच भरतो. रोज चपाती-साखर, दुसरं काय नको, घावणे नको, चटणी नको. डबा रिकामा येतो, पण खातो की मागच्या बाकाखाली टाकतो कोण जाणे. विचारायची मला भीती वाटते. जवळ्याची बरणी त्यानेच साबणाने घासून उन्हात ठेवली. सुनेच्या हातच्या चवीचं तेवढंच राहिलं होतं घरात. सकाळी झाकण लावायच्या आधी डबा माझ्या नाकाशी आणतो, आजी, वास नाय ना येत? मी बोलते, नाय रे झिला, कसलोच नाय. मग तळहात पुढे करतो, हे पण बघ. तेपण हुंगते मी.

आमच्या गावाला देवळात गाऱ्हाणं घालतात, गुरव मागणं बोलतो आणि मागून सगळा गाव होय म्हाराजा म्हणतो. पोरं शाळेत गेली की मी दाराशी उभी राहून घालते. बा देवा म्हाराजा, माझो झील पोटभर जेवांदे, कोणाच्या तरी बाजूक बसान जेवांदे. मागून बोलायला हितं कोण आहे, अंकिता शाळेत, मुलगा कामावर. मग माझी मीच बोलते, होय म्हाराजा, आणि कुलूप लावून पवईची बस पकडते.