लतीफभाई आणि पंधरा तासिका

प्राचार्य सर, लतीफभाईंच्या घरची मंडळी, सहकारी आणि विद्यार्थी मित्रांनो,

मी मराठी शिकवतो. बोलणं हा माझा रोजचा व्यवसाय. तरी सकाळपासून पहिलं वाक्य सापडत नव्हतं. अजूनही सापडलेलं नाही. त्याच्याशिवायच सुरू करतो.

लतीफभाई मुलाणी मंगळवारी गेले. आपल्या कॉलेजच्या पात्रता विभागात ते कारकून होते. दुसऱ्या कॉलेजातून इथं येणाऱ्या मुलांचे कागद त्यांच्या टेबलावर यायचे. मावळात अशी मुलं पुष्कळ. वडिलांना नवलाख उंबरे गावाकडच्या एखाद्या कारखान्यात काम लागतं, घर हलतं, आणि मुलगी अर्धं शिक्षण घेऊन आपल्याकडे येते. त्या अर्ध्या शिक्षणाचं काय करायचं, हे समकक्षता समिती ठरवते. तिथला विषय इथल्या विषयाच्या बरोबरीचा आहे का, एवढंच पाहायचं. त्या समितीत मी आहे.

कारकुनानं कागद लावावेत आणि पुढे पाठवावेत. लतीफभाई ते वाचायचे. दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी शेजारी ठेवून, पेन्सिल घेऊन. आम्ही शिकवणारेही ते इतके वाचत नाही. एकदा वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना त्यांनी जिन्यात गाठलं.

“मॅडम, तिकडं शेवाळ दुसऱ्या सत्रात हाय, आपल्याकडं पयल्यात. शेवाळ तेच का येगळं?”

“तेच हो, लतीफभाई.”

“मग पोराला परत कशाला? इसरलाय का त्यो?”

आम्ही हसायचो. मी त्यांना म्हटलं होतं, “लतीफभाई, तुम्ही प्राध्यापकच व्हायला हवं होतं.” ते म्हणाले, “नको सर. मग वाचायला येळ कुटं मिळाला असता?”

हे हसण्यावारी गेलं. पुढचं गेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी सोनाली नावाची मुलगी साताऱ्याकडून आली. पहिलं वर्ष तिकडे झालेलं. दुसऱ्या वर्षाला प्रवेश हवा होता. कथात्म साहित्य हा विषय तिनं तिथं केला होता, तोच आपल्याकडेही होता. पुस्तकंसुद्धा जवळपास तीच. फक्त त्यांच्याकडे तासिका पंचेचाळीस, आपल्याकडे साठ. मी शेरा लिहिला, “समकक्ष नाही.” सही केली. तेवढ्यानं तिचे श्रेयांक कमी पडले. दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला नाही.

लतीफभाई तो कागद घेऊन माझ्याकडे आले.

“सर, एक इच्यारू का?”

“विचारा.”

“ह्या पंधरा जास्तीच्या तासिकांत तुमी काय शिकवता?”

मित्रहो, प्रश्न साधा होता. आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, “सखोल विवेचन.” ते म्हणाले, “बरं.” आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते वेळापत्रक घेऊन आले. आठवड्याला चार तासिका. चौथी शनिवारची. सत्राचे पंधरा शनिवार.  शनिवारच्या चौकटीवर बोट ठेवून उभे राहिले.

आपल्याला इथं सांगायला नको. शनिवारी लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्या येतात. कुरवंडे गावची मुलं पार्किंगला उभी असतात, कुणी चिक्कीच्या दुकानात, कुणी भज्यांच्या गाडीवर. शनिवारी वर्गात कुणी नसतं. मी हजेरीपट घेऊन जातो, पंख्याखाली बसतो, परत येतो. त्या पंधरा तासिका कागदावर आहेत. मी त्या शिकवलेल्या नाहीत. मी त्या मुलीला नसलेल्या तासांसाठी अडवलं.

तोवर प्रवेशाची मुदत संपली होती. तिनं ते वर्ष कारखान्यात पॅकिंगला काढलं. मग परत आली, पुन्हा पहिल्या वर्षात बसली. तोच विषय, माझ्याच वर्गात.

मी लतीफभाईंना विचारलं होतं, “तुम्हाला या सगळ्यात एवढा रस कशाला?” काहीतरी मोठं उत्तर येईल असं वाटलं. ते म्हणाले, “काय न्हाई सर. खरंच येगळं हाय का, ते बघायचं असतं.”

आता थोडं अवघड बोलतो. प्राचार्य सर सकाळी मला म्हणाले, “आज नको, शोकसभा आहे.” सर, क्षमा करा. शुक्रवारनंतर बोलून उपयोग नाही.

मुलांचं एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणं सोपं व्हावं, यासाठी आपल्याला अनुदान मंजूर होतंय. ते कशावर खर्च करणार, हे शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. आपण लिहिलं आहे, संगणक कक्ष. त्यावर समकक्षता समितीच्या सह्या आहेत, माझीही आहे. लतीफभाईंनी वेगळा मसुदा केला होता. एकच पान. आसपासच्या आणि जिथून मुलं येतात त्या कॉलेजांतल्या शिक्षकांना दरवर्षी प्रवेशाआधी एकत्र बसवावं. येण्याजाण्याचा, राहण्याचा खर्च द्यावा. विषय समोरासमोर ताडून पाहावेत आणि यादी भिंतीवर लावावी. घर हलवायच्या आधीच मुलीला कळावं, आपलं काय चालेल आणि काय नाही.

ते पान त्यांनी मला दाखवलं होतं. मी म्हणालो, “लतीफभाई, शिक्षकांना एकत्र बसवून काय होणार?” ते म्हणाले, “एकमेकाला इच्यारतील की.”

मी हसलो. पान परत दिलं.

काल ते पान त्यांच्या कपाटातून काढलं. भाभी, तुमच्या धाकट्यानं शोधायला मदत केली. संगणक कक्षावरची माझी सही मी मागे घेतो आहे. तसं पत्र इथं, प्राचार्यांच्या समोर ठेवतो. त्या पानावर बोलायला समितीतल्या बाकीच्या तिघांनी सभेनंतर थांबावं, अशी विनंती आहे.

सोनाली, तू मागे खांबाजवळ उभी आहेस. तुझ्या अर्जावरचा तो शेरा कुणाचा, हे लतीफभाईंनी तुला कधी सांगितलं नाही. माझा होता. दोन मिनिटांची शांतता संपली की निघून जाऊ नकोस. समितीबरोबर बस. साताऱ्याच्या त्या पंचेचाळीस तासांत तू काय शिकलीस, हे मी तुला विचारलंच नव्हतं. मला ते ऐकायचं आहे.

लतीफभाई, तुम्हाला सलाम.

आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू या.